पीडीएफ विकायची आहे, सुरुवातीला नेमकं काय काय लागतं?

बोरूवाली

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, दांडिया बाजारात राहते. गेली सहा वर्षं रविवारी सकाळी घरीच मोडी ही मराठीची जुनी लिपी शिकवते. आपल्याकडच्या मराठी घरांत पेटी उघडली की मोडी कागद निघतातच: जमिनीचे, देण्याघेण्याचे, लग्नाच्या याद्या. नातवंडं ते घेऊन येतात आणि विचारतात, आजोबांनी यात काय लिहिलंय? तिथून वर्ग सुरू झाला.

वर्गासाठी मी बोरूने लिहून ४८ पानांची एक गिरवणी तयार केली. मुळाक्षरं, बाराखडी, जोडाक्षरं आणि शेवटी वाचनाचा सराव. आतापर्यंत झेरॉक्स काढून देत होते. आता पुणे, बेळगाव, ग्वाल्हेरहून मागणी येते आणि कुरियरचा खर्च वहीपेक्षा जास्त होतो. म्हणून पीडीएफ करून विकायचं ठरवलंय. किंमत १४९ रुपये डोक्यात आहे.

भाच्याला विचारलं, तर त्याने यादीच काढून दिली. डोमेन, वेबसाइट, लोगो, ईमेलची सेवा, डिझाइनचं वार्षिक सभासदत्व, माइक, लाइट, जाहिरातीचं बजेट. बेरीज ३८ हजारांवर गेली. १४९ रुपयांच्या वहीसाठी ३८ हजार! माझ्याकडे आठ वर्षं जुना लॅपटॉप आहे, बरा फोन आहे आणि हाताला वळण आहे. तुमच्यापैकी जे खरोखर असं काही विकतात त्यांनी सांगा, पहिल्या दिवशी कशावाचून अडतं आणि कशावाचून अडत नाही?

लीलो_चिवडा

ताई, पहिली प्रत माझी. आजीच्या पेटीत एक चोपडी आहे, घरात कोणालाच वाचता येत नाही.

मकरपुरा_मशीन

मी दिवसा कारखान्यात मेंटेनन्स बघतो आणि २०२१ पासून मशीन देखभालीच्या एक्सेल शीट विकतो. कोणत्या मशीनला कधी तेल, कधी बेल्ट, कोणता सुटा भाग संपत आलाय, अशा नोंदी. छोट्या वर्कशॉपवाल्यांना उपयोगी पडतात.

अनुभवाने सांगतो, तीनच गोष्टी लागतात. विकायची फाइल, पैसे घेण्याची सोय आणि फाइल पोचवण्याची सोय. फाइल लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बनते, पीडीएफही तिथूनच निघते. पैसे यूपीआयवर. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर. संपलं.

मी आधी वेबसाइटच्या मागे लागलो होतो. चार महिने आणि ११ हजार रुपये गेले, विक्री शून्य. मग एक दिवस ओळखीच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर शीटचा एक फोटो टाकला आणि आठवड्यात ९ प्रती गेल्या. गिऱ्हाईक जिथे बसलंय तिथे जायचं. त्याला आपल्या दारी बोलवायचं काम नंतर.

फतेगंजचा_फोटोवाला

मशीनदादा, पूर्ण असहमत. तुमच्या ९ प्रती आठवड्यात गेल्या म्हणून निभावलं. मी फोटोंचे प्रीसेट (रंग-उजेडाची तयार सेटिंग) विकतो आणि माझा सीझन नवरात्र. गरब्याचे फोटो काढून पोरं रात्री दोनला घरी येतात आणि तेव्हाच त्यांना प्रीसेट हवा असतो. पहिल्या वर्षी मी क्यूआर कोड देऊन बसलो होतो. नऊ रात्री झोप नाही. त्यात पैसे भरल्याचे खोटे स्क्रीनशॉट! चार जणांनी तसे पाठवून फाइल नेली, मला महिनाअखेरीला कळलं.

ताई, पेमेंट पेज घ्याच. रेझरपेसारख्या पेमेंट कंपनीकडे लिंक बनते, वेगळी वेबसाइट असलीच पाहिजे असं नाही. पैसे आले की ठरलेला ईमेल किंवा फाइल आपोआप जाईल अशी व्यवस्था लावता येते. रेझरपेचा नेहमीचा दर २ टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. १४९ रुपयांवर साधारण साडेतीन रुपये. साडेतीन रुपयांत रात्रीची झोप मिळते.

मकरपुरा_मशीन

स्क्रीनशॉट बघायचाच नाही ने! बँकेचं अ‍ॅप उघडायचं, रक्कम दिसली तरच फाइल. व्यक्तीकडून व्यक्तीला यूपीआय केलं की शुल्क शून्य. ताईंच्या गिरवणीला रात्री दोन वाजता कोण उठणार आहे?

लीलो_चिवडा

मी उठेन.

आजोबा_७१

मलाही रात्री झोप येत नाही, त्यामुळे गिऱ्हाईक दोन झाले. बाईंना एक विचारतो. मला पीडीएफ फोनवर दिसेल, पण गिरवायची कशी? फोनवर बोरू चालत नाही.

बोरूवाली

काका, छापूनच घ्यायची. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला फोनमधून छापून देतो. मी तशी सूचना पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत घालते. बरं झालं विचारलंत.

रंगावली

हाच मुद्दा मांडायला आले होते. मी वाघोडिया रोडला राहते, रांगोळीचे ठिपक्यांचे आणि संस्कारभारतीचे नमुने विकते. निम्मं गिऱ्हाईक परदेशातलं, आपलीच गुजराती आणि मराठी मंडळी. छापायच्या वस्तूचं सगळं यश छपाईत असतं आणि त्याला एक पैसाही लागत नाही, फक्त लक्ष लागतं.

आपला ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकेत लेटर कागद चालतो, तो २१६ बाय २७९. आपली ए-४ फाइल तिकडे तशीच छापली की खालची ओळ कापली जाते. माझ्या पहिल्या संचात शेवटची ठिपक्यांची रांगच गायब होत होती, न्यू जर्सीच्या एका बाईंनी फोटो पाठवला तेव्हा कळलं. आता चारही बाजूंनी भरपूर समास सोडते, म्हणजे दोन्ही कागदांवर नीट बसतं.

दुसरं, रंगीत पार्श्वभूमी नको. ४८ पानं गडद रंगात छापायची तर लोकांची शाई संपेल. पांढरा कागद, काळी अक्षरं, गिरवायला फिकट राखाडी. आणि फाइल तयार झाली की तुमच्या पडद्यावर बघून समाधान मानू नका. बाहेरच्या साध्या झेरॉक्स मशीनवर छापून बघा. राखाडी अक्षरं तिथे एकतर उडतात नाहीतर काळी होतात.

मी एट्सी या परदेशी ऑनलाइन बाजारात विकते. एक वस्तू मांडायला ०.२० डॉलर, ती चार महिने राहते, विक्री झाली की ६.५ टक्के, शिवाय पैसे घेण्याचं शुल्क वेगळं. एका वस्तूला जास्तीत जास्त ५ फायली, प्रत्येक २० एमबीपर्यंत. पण मोडीसाठी मी ते सुचवणार नाही. तुमचं गिऱ्हाईक मराठी घरांत आहे, ते तिथे शोधायला जात नाही.

अक्षरवेडा

धागा वाचून राहवलं नाही. मोडी म्हटलं की मी लांब लिहिणार, माफ करा.

बोरूवालीताई, तुमचं सगळ्यात महत्त्वाचं साधन तुमच्या हातात आहे. त्याची नक्कल नीट उतरवणं एवढंच काम. मोडीत आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जातात, हात शक्यतो न उचलता. म्हणजे शिकणाऱ्याला नुसतं अक्षराचं चित्र देऊन भागत नाही, हात कुठून निघाला आणि कुठे वळला हे दाखवावं लागतं. प्रत्येक अक्षरावर बाण आणि १, २, ३ असे क्रमांक घाला. पैसे याचेच आहेत. बाकी अक्षरांचे तक्ते आंतरजालावर फुकट पडलेत.

आता उतरवायचं कसं. फोनच्या स्कॅनर अ‍ॅपने बोरूचा जाड-बारीकपणा मरतो, कारण ते अ‍ॅप सगळ्या रेघा सारख्याच काळ्या करून टाकतं. एखाद्या दिवशी चांगल्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) पानं स्कॅन करून आणा. मग इंकस्केप नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्यात बिटमॅप (म्हणजे स्कॅनचं चित्र) ट्रेस केलं की अक्षर रेषांत बदलतं. कितीही मोठं करा, कडा फाटत नाहीत आणि फाइल हलकी राहते. आठ वर्षांचा लॅपटॉप याला पुरे.

जिथे टाइप केलेली मोडी लागेल तिथे नोटो सॅन्स मोडी वापरा. मोडी लिपी २०१४ साली युनिकोड ७.० मध्ये (संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक प्रमाणात) आली, हा फाँट त्यावरच चालतो आणि ओपन फाँट लायसन्सखाली आहे. असा फाँट वापरून केलेलं पुस्तक विकता येतं, नुसता फाँट विकता येत नाही. देवनागरीसाठी मुक्त, बालू हेही त्याच परवान्याचे. कुणाकडून पेन ड्राइव्हवर आलेला फाँट विक्रीच्या फाइलमध्ये घालू नका, त्याचा परवाना कोणाचा ते आपल्याला माहीत नसतं. पीडीएफ करताना फाँट आतमध्ये एम्बेड झालाय ना, तेही बघा. नाहीतर गिऱ्हाइकाला अक्षरांच्या जागी चौकोन दिसतील आणि ते म्हणतील, ही कुठली लिपी!

सरावासाठी जुनी पत्रं घालणार असाल तर आपल्या १९५७ च्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या हयातीत छापून आलेल्या मजकुरावर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो, न छापलेल्या पत्रांचं गणित वेगळं असतं. तेवढं जुनं असलं तरी ज्यांच्या घरचा कागद आहे त्यांना विचारून घाला. घरची देणीघेणी असतात हो त्यात.

आजोबा_७१

वा अक्षरवेडा! अवांतर होईल, पण लिहितो. आपल्या बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं, हाताने काम करणाऱ्यांना शास्त्र शिकवायला. दादासाहेब फाळके तिथेच शिकले, फोटोग्राफी आणि छपाई. बाई दांडिया बाजारातल्या घरात बसून अक्षर छापायचा विचार करताहेत हे वाचून मला त्याची आठवण झाली. स्कॅनिंगला कोणी सोबत हवं असेल तर सांगा, मला दुपारी काम नसतं.

सुरसागर_काठ

सगळे साधनांबद्दल बोलताय, पण चोरीचं काय? मी अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवतो. नोट्सची पीडीएफ गूगल ड्राइव्हवर ठेवली आणि लिंक विकली. महिन्याभरात तीच लिंक तीन ग्रुपवर फिरत होती. ताई, पासवर्ड घाला.

फतेगंजचा_फोटोवाला

सर, शेअरिंगमध्ये 'लिंक असलेली कोणतीही व्यक्ती' असं राहून गेलं असणार. विकत घेणाऱ्याच्या ईमेललाच परवानगी द्यायची. पण तसं एकेकाला देत बसणं पुन्हा हातकाम, म्हणून तर म्हणतो पेमेंट पेज.

रंगावली

पासवर्डला माझा विरोध आहे. माझ्या पंचाहत्तर वर्षांच्या एक ग्राहक आजी पासवर्डमुळे तीन दिवस अडकल्या होत्या आणि फोन करून रडकुंडीला आल्या. मोडी शिकणारे बरेचसे निवृत्त लोक असतील. चोराला पासवर्ड अडवत नाही, सज्जनाला अडवतो. त्यापेक्षा प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहा: 'ही प्रत अमुक यांच्यासाठी'. स्वतःचं नाव असलेली प्रत माणूस सहसा पुढे ढकलत नाही.

सुरसागर_काठ

नावाची कल्पना पटली. पुढच्या सत्रापासून करतो.

हिशेबनीस

हिशेबाची बाजू कोणी मांडली नाही. मी लेखापाल आहे, थोडक्यात सांगतो.

एक, या कामासाठी वेगळं बचत खातं ठेवा. घरखर्चात मिसळलं की मार्चमध्ये डोकं फिरतं. दोन, पहिल्या प्रतीपासून नोंदवही: तारीख, नाव, ईमेल, रक्कम, शुल्क, हातात आलेले पैसे. गूगल शीट पुरे. तीन, सेवा विकणाऱ्याची वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण मिळकत आयकर विवरणात दाखवायचीच, रक्कम लहान असली तरी. परदेशातून पैसे येऊ लागले तर आधी भेटा, त्याचे नियम निराळे आहेत.

पेमेंट कंपनी पॅन, बँक खातं आणि बहुधा पैसे परतीचं धोरण, अटी, संपर्क यांची पानं मागते. ती आधी लिहून ठेवा. परतीच्या धोरणात स्पष्ट लिहा, फाइल उघडत नसेल तर दुसरी देऊ किंवा पैसे परत.

यूपीआयवर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क शून्य आहे हे खरं, पण मधली कंपनी आपल्या सोयीचं शुल्क घेते. दोघांचंही बरोबर आहे, भांडू नका.

मकरपुरा_मशीन

भांडत नाही हो साहेब, फोटोवाला माझा शेजारी होता. रविवारी सेव उसळ खाऊन सोडवू.

फतेगंजचा_फोटोवाला

बिल यूपीआयने द्यायचं आणि स्क्रीनशॉट चालणार नाही.

इंदूरकर_पाहुणा

मी इंदूरचा, गिऱ्हाइकाच्या बाजूने बोलतो. अशीच एका लिपीची पीडीएफ मी मागे घेतली होती. फोनवर उघडली तर अक्षर मुंगीएवढं, आणि हात कसा फिरवायचा ते शेवटपर्यंत कळलं नाही. ताई, दोन मिनिटांचे व्हिडिओ करा. भाच्याच्या यादीतला माइक, लाइट नको. खिडकीपाशी टेबल, पुस्तकांच्या दोन चळती, त्यांवर पट्टी टाकून फोन पालथा ठेवायचा आणि खाली लिहायचं. आवाज नसला तरी चालेल, हात दिसला पाहिजे. व्हिडिओ यूट्यूबवर 'असूचीबद्ध' (अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असा) ठेवून वहीत क्यूआर कोड छापला की झालं.

आणि घेण्याआधी तीन पानं बघायला द्या. मी न बघता घेतली म्हणून फसलो.

अक्षरवेडा

इंदूरकर, अनुमोदन. पालथ्या फोनची युक्ती फार छान.

बोरूवाली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. सगळं कागदावर उतरवून घेतलं. भाच्यालाही धागा दाखवला. म्हणाला, "मावशी, लोगो तरी करू दे!" त्याला अक्षरांवर बाण काढायचं काम दिलंय. करून बघते आणि कळवते.

बोरूवाली (चार आठवड्यांनंतर)

धागा वर काढते आहे. कळवते म्हटलं होतं.

स्कॅनिंगला खरंच आजोबा_७१ सोबत आले. ४८ पानांना दोन दुपारी लागल्या. इंकस्केप शिकायला मला आठवडा लागला, सुरुवातीला अक्षराची टोकं गोल होत होती, अक्षरवेडांनी फोनवर समजावलं. मजकूर लिब्रेऑफिसमध्ये केला. झेरॉक्स मशीनवर तीनदा छापून राखाडी रंग ठरवला. पडद्यावर जो दिसायचा त्याच्या दुप्पट गडद लागला. अकरा व्हिडिओ केले, दहा सेकंदांपासून दोन मिनिटांपर्यंत.

खर्च: स्कॅनिंग आणि नमुना छपाई मिळून ६४० रुपये. बाकी सगळं फुकट किंवा घरातलं.

पहिले दोन आठवडे मशीनदादांच्या पद्धतीने, यूपीआय आणि व्हॉट्सअ‍ॅप. १२ प्रती गेल्या. मग मी तीन दिवस गावाला गेले, नेटवर्क नव्हतं, आणि परत आले तर पाच जण पैसे भरून वाट बघत बसले होते. एका गृहस्थांनी फार सौम्य शब्दांत विचारलं, "फाइल मिळेल ना?" मला रात्रभर वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी पेमेंट पेजची कागदपत्रं भरली. ते सुरू झाल्यावर आणखी १४ गेल्या. एकूण ३१.

पण खरी गोष्ट पुढे आहे. १७ व्या पानावर एका अक्षराचा बाण उलटा छापला गेलाय. ग्वाल्हेरच्या एका बाईंनी व्हिडिओ आणि पान ताडून बघितलं आणि कळवलं. उलट्या बाणाने कोणी हात बसवला तर तो सुटायला महिने लागतात, म्हणून सुधारलेली फाइल सगळ्यांना तातडीने पाठवायची होती. पेमेंट पेजवाल्या १४ जणांचे ईमेल होते, त्यांना पाच मिनिटांत गेली. व्हॉट्सअ‍ॅपवाल्या १७ जणांना ब्रॉडकास्ट केलं, तर ज्यांनी माझा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना ते पोचतच नाही! हिशेबनीसांनी नाव-ईमेलची नोंदवही सांगितली होती, मी घाईत फक्त रक्कम लिहीत गेले. मग एकेकाला शोधून पाठवलं. तिघे अजून सापडलेले नाहीत.

तर माझ्याच प्रश्नाचं माझं उत्तर असं. मशीनदादांच्या तीन गोष्टी खऱ्या, पण कोणी घेतलं याची वही पहिल्या प्रतीपासून हवी. वेबसाइटवाचून अजून तरी अडलेलं नाही.

हिशेबनीस

सध्या जीमेलवरून बीसीसी करून (म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला न दिसता) पाठवलं तरी चालेल, साध्या खात्याला दिवसाला ५०० जणांपर्यंत जातं. त्यापुढे गेलात की ब्रेव्होसारखी सेवा बघा, मोफत पातळीवर दिवसाला ३०० ईमेल देतात. तोवर पैसे खर्च करू नका.

मकरपुरा_मशीन

ताई, पाच जण थांबल्याचं वाचून मी आजच माझी शीट पेमेंट पेजवर टाकली. फोटोवाल्या, जिंकलास. सेव उसळ माझ्याकडून.

अक्षरवेडा

पुढच्या आवृत्तीत मुखपृष्ठावर 'आवृत्ती २' आणि महिना छापा. फाइलच्या नावातही. म्हणजे कोणाकडे जुनी आहे ते बघता क्षणी कळतं.

लीलो_चिवडा

ताई, १७ वं पान माझं झालं होतं, उलट्याच बाणाने. आता पुन्हा गिरवते आहे. आजीच्या चोपडीचं पहिलं पान लागलं! घरखर्च आहे. गूळ, तूप, दिव्याचं तेल, आणि मग एक ओळ आहे, तिच्यातला एक शब्द अडलाय. 'माहेरी' आहे की 'मोहरी'? फोटो पाठवू का?

बोरूवाली

पाठव. काना शिरोरेषेपर्यंत गेलाय का ते आधी बघून ठेव.

आजोबा_७१

इथेच टाक गं पोरी, आम्हालाही वाचून बघू दे.